हुलाहुला, कोंगाकुट आणि रबरी राफ्ट: आर्क्टिकमधल्या रिव्हर ट्रिपमागचा इतिहास

अलास्काच्या उत्तर टोकाला ब्रुक्स रेंज नावाची डोंगररांग आहे. तिच्या पलीकडे झाड म्हणून नाही, नुसता टुंड्रा, आणि त्यातून हुलाहुला, कोंगाकुट, कॅनिंग अशा नद्या उत्तरेकडे वाहत जाऊन ब्यूफोर्ट समुद्राला मिळतात. उन्हाळ्यात तिथे गाइडेड राफ्टिंग ट्रिप्स चालतात, खर्च काही हजार डॉलर, आणि जाहिरातींमधे एक वाक्य हमखास असतं की इथे माणसाचा पायसुद्धा लागलेला नाही. मला हे वाक्य वाचलं की हसू येतं, कारण ही ट्रिप शक्य व्हायला एक रबरी बोट, एक छोटं विमान, एक-दोन कायदे आणि तेलावरून पिढ्यानपिढ्या चाललेलं भांडण एवढं सगळं लागलंय, आणि पायाचं म्हणाल तर ते तिथे हजारो वर्षांपासून लागतायत.

आधी बोटीचं बघू, कारण ही गोष्ट फार कमी लोकांना माहितेय. हवा भरून वापरायची रबरी बोट ही आर्क्टिकमधल्या एका फजितीतूनच आलेली आहे, फजिती कसली, शोकांतिकाच. १८१९ ते १८२२ मधे ब्रिटिश नौदलाचा जॉन फ्रँकलिन कॅनडातल्या कॉपरमाइन नदीवरून समुद्रापर्यंत गेला, किनाऱ्याचा नकाशा काढला, आणि परत येताना १८२१ च्या शरद ऋतूत त्याच्या टोळीकडे एकही कनू (हलकी होडी) उरली नाही. पुढ्यात कॉपरमाइन नदी, खायला काही नाही, आणि नदी ओलांडायला साधन नाही. डॉक्टर रिचर्डसन कमरेला दोर बांधून पोहत निघाला, हातपाय बधिर झाले आणि अर्धमेला असताना त्याला ओढून काढावं लागलं. शेवटी पिएर सेंट जर्मेन नावाच्या एकाने विलोच्या काटक्या आणि कॅनव्हास यांचं एक होडकं बनवलं आणि त्यातून एकेक माणूस पलीकडे नेला, पण यात इतके दिवस गेले की पुढे उपासमारीनं माणसं पडत गेली. वीसपैकी अकरा मेले, त्यात एक खूनही झाला. उरलेल्यांना वाचवलं ते अकैचोच्या टोळीनं, म्हणजे तिथल्याच डेने लोकांनी, मांस आणून देऊन. या मोहिमेनंतर फ्रँकलिनची ओळख इंग्लंडमधे ‘बूट खाल्लेला माणूस’ अशी झाली.

हे सगळं डोक्यात असलेला पीटर हॅल्केट नावाचा नौदलातला लेफ्टनंट १८४० च्या दशकात एक विचित्र वस्तू घेऊन आला. रबर चढवलेल्या कापडाचा झगा, अंगावर घातला की रेनकोट, भात्यानं हवा भरली की एका माणसाची बोट, हातातल्या काठीला पातं लावलं की वल्हं आणि छत्री उघडली की शीड. ऐकायला सर्कस वाटते पण वस्तू चालायची. नौदलानं कौतुक केलं आणि आम्हाला उपयोग नाही म्हणून परत पाठवलं (सरकारी खाती सगळीकडे सारखीच), पण हडसन्स बे या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचा जॉन रे ती आर्क्टिकमधे घेऊन गेला आणि त्याला ती भयंकर आवडली. त्याची एक बोट ऑर्कनी बेटांवर स्ट्रॉमनेसच्या म्युझियममधे आजही आहे.

त्यानंतर मात्र ही कल्पना बराच काळ मोठ्या प्रमाणावर काही झाली नाही. दुसऱ्या महायुद्धात लाइफ राफ्ट आणि तात्पुरत्या पुलांसाठीचे रबरी तराफे प्रचंड संख्येनं बनले, १९४५ नंतर ते भंगाराच्या भावात विकायला आले, आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या काही उद्योगी लोकांनी ते घेऊन कोलोरॅडो नदीत घातले. जॉर्जी व्हाइट नावाच्या बाईंनी तर असे तराफे एकमेकांना बांधून ग्रँड कॅन्यनमधून पैसे देणारी गिऱ्हाइकं न्यायला सुरुवात केली. गाइडेड राफ्टिंगचा धंदा खरा इथून उभा राहिला.

आता इथे एक वळण आहे आणि माझ्या मते अलास्काच्या ट्रिप्सचं मूळ कुठे असेल तर ते इथे आहे, बोटीत नाही. १९५० च्या दशकात ग्रीन आणि याम्पा नद्यांच्या संगमापाशी, डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंट या संरक्षित प्रदेशाच्या आत, एको पार्क नावाचं धरण बांधायचं सरकारनं ठरवलं. ती जागा कुणी पाहिलेलीच नव्हती, मग विरोध कोण करणार. तेव्हा सिएरा क्लब या पर्यावरणवादी संस्थेनं काय केलं, तर शेकडो सभासदांना राफ्टमधे बसवून त्या दरीतून नेलं. लोक परत आले, फोटो दाखवले, खासदारांना पत्रं लिहिली, आणि १९५६ मधे धरण रद्द झालं. नदीवर माणसं न्यायची म्हणजे नदीसाठी भांडणारी माणसं तयार होतात, हा धडा पर्यावरणवाल्यांनी तेव्हा जो गिरवला तो आजतागायत.

आणि त्याच १९५६ च्या उन्हाळ्यात ओलाउस आणि मार्डी म्युरी हे नवरा-बायको ब्रुक्स रेंजच्या दक्षिण उतारावर शीनजेक नदीच्या खोऱ्यात तंबू ठोकून बसले होते. सोबत तीन तरुण शास्त्रज्ञ, त्यातला एक जॉर्ज शॅलर, जो पुढे आपल्या कान्हामधे वाघांचा अभ्यास करायला आला. काही दिवस सुप्रीम कोर्टाचे जस्टिस विल्यम डग्लस पण येऊन राहिले. पक्षी मोजले, लायकेन गोळा केले, लांडग्यांची विष्ठा तपासली, आणि खाली जाऊन चार वर्षं सरकारच्या मागे लागले. अलास्काच्या सिनेटरांनी बिल अडवून धरलं, तर आयझेनहॉवरच्या मंत्रिमंडळातल्या फ्रेड सीटननी ६ डिसेंबर १९६० ला, सरकार जाता जाता, नुसत्या आदेशानं ८९ लाख एकरांचं आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेंज, म्हणजे अभयारण्य, जाहीर करून टाकलं.

ज्यांची ती जमीन त्या काकतोविकच्या इनुपियात लोकांना मात्र कुणी विचारलंसुद्धा नाही. बरं, हे गाव आधीच सरकारी तडाख्यात सापडलेलं होतं. १९४७ मधे एअर फोर्सला धावपट्टी हवी होती म्हणून त्यांनी आख्खं गाव उठवलं, पुढे अजून दोनदा हलवलं, तिसरी वेळ १९६४. आज हुलाहुलाची ट्रिप संपली की बरेच लोक याच काकतोविकमधे विमान बदलतात, चहा-कॉफी घेतात आणि फेअरबँक्सला जातात, त्यातल्या कितींना हे माहीत असतं देव जाणे. नद्यांच्या काठी जुन्या तंबूंच्या दगडी गोल खुणा सापडतात, गाइड लोक दाखवतातही. हुलाहुला हे नाव तर हवाईच्या खलाशांनी दिलेलं आहे, १८९० च्या दशकात देवमाशांच्या शिकारीची जहाजं हर्शेल बेटावर हिवाळा काढायची आणि त्यावरची ही मंडळी मांसासाठी या खोऱ्यात यायची. आणि डोंगराच्या दक्षिणेला आर्क्टिक व्हिलेजचे ग्विचिन लोक, ज्यांचं सगळं जगणं पॉर्क्युपाइन नावाच्या कळपातल्या कॅरिबूंवर, म्हणजे तिथल्या रानटी रेनडिअरवर. हा कळप २०१७ च्या मोजणीत दोन लाख अठरा हजारांच्या आसपास भरला, आणि त्यातल्या माद्या वितात ते बहुतेक वर्षी याच नद्यांच्या मुखाजवळच्या सपाट किनारपट्टीवर. ग्विचिन त्या किनारपट्टीला इतकं पवित्र मानतात की तिथे पाऊलही टाकायचं नाही असा त्यांचा रिवाज. म्हणजे बघा, पाय न लागलेली जागा असलीच तर ती निसर्गानं नाही, माणसांनी ठरवून तशी ठेवलेली.

विमानाचं थोडक्यात सांगतो. नोएल वीननं १९२५ मधे आर्क्टिक वर्तुळ ओलांडून वाइजमनला विमान उतरवलं, तिथून अलास्कात बुश पायलट, म्हणजे आडरानात विमान नेणारा, हा पेशा रुजला, आणि युद्धानंतर सुपर कब, बीव्हरसारखी छोटी विमानं आली, त्यांना फुग्यासारखे जाड टायर लावले की नदीकाठच्या गोट्यांवरसुद्धा उतरता येतं. रस्ता नाहीच ना तिथे. त्यामुळे राफ्ट गुंडाळून, धातूची फ्रेम सुटी करून, जेवणाचे अस्वलाला न उघडणारे डबे आणि माणसं असं सगळं चार-पाच फेऱ्यांत आणायचं आणि काठावर बसून जोडायचं. हवा बिघडली की दोन-दोन दिवस काठावर पडून राहायचं, तिकीट परत मिळत नाही. आणि हो, हे विमान पेट्रोलवर चालतं, तेलाविरुद्ध पत्रं लिहिणारे लोक तेलावर उडून येतात हा टोमणा अलास्कातले लोक नेहमी मारतात, आणि खोटा नाहीये तो.

तर १९६८ मधे या वाइल्डलाइफ रेंजच्या पश्चिमेला, साधारण शंभर किलोमीटरवर, प्रूडो बे इथे प्रचंड तेल सापडलं. १९७७ मधे पाइपलाइन सुरू झाली, आठशे मैलांची. साहजिकच प्रश्न आला की कॅनिंग नदीच्या अलीकडे, रेंजच्या आतही असेलच की. १९७० च्या दशकात या नद्यांवर गाइड लोक गिऱ्हाइकं आणायला लागले होते, बरेचसे खालच्या, म्हणजे अलास्काबाहेरच्या राज्यांतल्या नद्यांवर तयार झालेले, एको पार्क वाचताना आणि नंतर कोलोरॅडोवरची ग्लेन कॅन्यन धरणात बुडताना बघितलेल्या पिढीचे. २ डिसेंबर १९८० ला जिमी कार्टरनं, तोही जाता जाताच, अलास्काच्या जमिनींचा मोठा कायदा सही केला. रेंजचं रेफ्यूज झालं, क्षेत्र वाढलं, आज ते १.९ कोटी एकरांच्या वर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाएवढं, त्यातले ऐंशी लाख एकर विल्डरनेस. शीनजेक, आयव्हिशॅक आणि विंड या नद्यांना वाइल्ड रिव्हर हा दर्जा मिळाला. पण किनारपट्टीचे १५ लाख एकर मधेच लोंबकळत ठेवले, कलम १००२, तेल आहे का बघा, काढायचं की नाही ते काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ठरवेल. हे तडजोडीचं कलमच पुढच्या सगळ्या भांडणाचं घर.

त्याच सुमाराला राफ्टमधेही सुधारणा झाली. आधीच्या राफ्टमधे लाट आत आली की बादलीनं पाणी उपसत बसायचं, १९८० च्या आसपास सेल्फ-बेलिंग राफ्ट आले, तळ हवेचा आणि कडेला भोकं, पाणी आपोआप बाहेर. आर्क्टिकच्या पाण्यात, जे कालपर्यंत बर्फ होतं, ही चैन नाही. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना वाटेल त्यात काय, पण कोलाडला सकाळी धरणातून पाणी सोडतात, ठरलेल्या वेळेला, ठरलेलं. इथे धरण नाही. आणि इथला खरा धोका रॅपिड्सचा पण नाही, ऑफाइसचा आहे. हिवाळाभर जमिनीतून झऱ्याचं पाणी वर येत राहतं आणि थरावर थर गोठत जातो, असे मीटर-मीटर जाडीचे बर्फाचे पट्टे नदीच्या पात्रात बसतात आणि जुलैपर्यंत वितळत नाहीत. नदी त्यातून स्वतःची गल्ली कापते, दोन्ही बाजूंना निळ्या बर्फाच्या उभ्या भिंती, काठावर चढायला जागा नाही, आणि पुढच्या वळणावर पाणी बर्फाच्या खाली शिरत असलं तर राफ्टही खाली शिरणार. म्हणून गाइड आधी उतरून, चालत जाऊन, आख्खी गल्ली बघून येतो. गाइडचे पैसे खरं तर या चालण्याचे असतात. अस्वलांचं तर विचारूच नका, २००५ मधे हुलाहुलाच्या काठी एक अनुभवी जोडपं तंबूतच मारलं गेलं.

परत राजकारणाकडे. ही किनारपट्टी तेलासाठी खुली करायचं बिल १९८९ मधे पुढे सरकत होतं आणि मार्चमधे अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज फुटलं, बिल बारगळलं. १९९५ मधे क्लिंटननं व्हेटो केला. आणि २००३ मधे या गोष्टीत एक भारतीय माणूस आला. शुभंकर बॅनर्जी, बंगालमधे वाढलेला, नोकरी सोडून फोटोग्राफीकडे वळलेला, काकतोविकच्या एका इनुपियात गाइडबरोबर त्यानं वर्षाहून जास्त काळ या रेफ्यूजमधे काढला, हिवाळ्यासकट. सिनेटमधे चर्चेच्या वेळी सिनेटर बार्बरा बॉक्सरनं त्याचे फोटो उंच धरून दाखवले की हे बघा, ओसाड म्हणता ना. त्यानंतर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममधलं त्याचं प्रदर्शन खालच्या मजल्यावर हलवलं गेलं आणि फोटोंखालचे मजकूर छाटले गेले, बोंबाबोंब झाली, आणि त्यानं फोटो अजूनच प्रसिद्ध झाले. त्या वर्षी तेल हरलं. गाइडची पोरं आणि त्यांची गिऱ्हाइकं तर वर्षानुवर्षं हेच करत होती, परत येऊन स्लाइड शो करायचे.

पण यात काकतोविकला खलनायक करू नये. तिथल्या बऱ्याच पुढाऱ्यांना तेल हवंय कारण शाळा, दवाखाना, पाणी हे सगळं तेलाच्या करातून आलंय, आणि गावातच विरोधकही आहेत. बाहेरच्यांनी येऊन तुम्ही असेच साधे राहा म्हणणं त्यांना झोंबतं, मला तरी त्यात त्यांची चूक दिसत नाही.

सीमेपलीकडे कॅनडानं हे जास्त शहाणपणानं केलं असं मला वाटतं. १९७४ ते ७७ मधे जस्टिस थॉमस बर्जर गावोगाव फिरले, लोकांचं ऐकलं, आणि उत्तर युकॉनमधून पाइपलाइन नकोच असं सांगितलं. १९८४ मधे इनुवियालुइट लोकांशी झालेल्या जमिनीच्या करारातूनच तिथे नॅशनल पार्क निघालं, आज त्याचं नाव इव्वाविक. फर्थ नदीवर राफ्टिंग चालतं, आणि इनुवियालुइट तिथे शिकारही करतात, पार्कच्या कारभारातही बसतात. कळप तोच, पॉर्क्युपाइन, त्याला सीमा कुठे माहीत.

आता अमेरिकेच्या बाजूला २०१७ च्या कर कायद्यात किनारपट्टीवर तेल काढायच्या हक्कांचे लिलाव घुसवले गेले. जानेवारी २०२१ मधे पहिला लिलाव, मोठ्या तेल कंपन्या फिरकल्याच नाहीत, बहुतेक प्लॉट अलास्का राज्याच्याच एका सरकारी संस्थेनं घेतले. जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. आणि २०२५ च्याच जुलैमधल्या कायद्यानं दहा वर्षांत किमान चार लिलाव करायचेच असं ठरवून टाकलंय. दरम्यान परमिटवाल्या रिव्हर ग्रुपला दहा माणसांची मर्यादा आहे आणि कोंगाकुटवर जूनमधे, कॅरिबू येण्याच्या वेळी, सगळ्यात जास्त गर्दी असते.