बदामाचा फुलोरा आणि परागीभवन

हिवाळा सरता सरता, पालवी फुटण्याआधीच बदामाच्या झाडावर येणारा फुलांचा बहर आणि त्या बहरात मधमाश्यांकरवी होणारे परागीभवन. गुलाब कुलातील बदाम (शास्त्रीय नाव प्रूनस डल्सिस) हा पीच, जर्दाळू व आलुबुखार यांचा भाऊबंद असून समशीतोष्ण फळझाडांत तो सर्वांत आधी फुलणाऱ्यांपैकी आहे. शाळेच्या पटांगणात सावली देणारे, मोठ्या पानांचे जे बदामाचे झाड महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीचे आहे ते अर्जुन कुलातील. त्याचा या नोंदीशी संबंध नाही.

जगातील सुमारे ८० टक्के बदाम अमेरिकेतील एकट्या कॅलिफोर्निया राज्यात पिकतो. तेथील सेंट्रल व्हॅलीत, उत्तरेला रेड ब्लफपासून दक्षिणेला बेकर्सफील्डच्या परिसरापर्यंत, १३ लाख एकरांहून अधिक क्षेत्रावर उत्पादनाला आलेल्या बागा आहेत. फुलोरा साधारणपणे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होऊन मार्चच्या मध्यापर्यंत आटोपतो. एका बागेपुरते पाहिले तर हा खेळ दोन-तीन आठवड्यांचा. त्यातही रात्र, पाऊस, वारा आणि गारठा वजा केल्यावर माश्यांना काम करायला जे तास उरतात त्यांवर वर्षाचे पीक ठरते. कॅलिफोर्नियातील बागायतदार म्हणूनच फुलोऱ्याचे दिवस मोजण्यापेक्षा माश्यांच्या उड्डाणाचे तास मोजतात, आणि ते योग्यही आहे.

फुलोऱ्याची तयारी थंडीतच होते. सुप्तावस्थेतील कळीला जाग येण्यासाठी आधी ७ अंश सेल्सिअसखालच्या थंडीचे साधारण २०० ते ५०० तास मिळावे लागतात. त्यानंतर ऊब मिळाली की कळ्या फुगू लागतात. सफरचंदाच्या मानाने ही गरज बरीच कमी आहे. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीस चार दिवस ऊन तापले तरी बदाम फुलायला निघतो आणि पुढच्या दहिवराच्या, म्हणजे गोठवणाऱ्या थंडीच्या, तोंडी सापडतो. सेंट्रल व्हॅलीत हिवाळ्यात जमिनीलगत दाटणारे धुके कळ्यांना उन्हापासून झाकून थंडी टिकवून धरते. गेल्या काही दशकांत हे धुके विरळ होत चालले आहे. थंडी अपुरी पडली की फुलोरा रेंगाळतो आणि एकत्र फुलायला हव्यात त्या जाती मागेपुढे फुलतात.

फूल पांढरे किंवा फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांचे असते. मध्यभागी तीसेक पुंकेसरांचा झुबका आणि त्यात एकच कुक्षी. सकाळी दव वाळून हवा तापू लागली की परागकोश एकामागून एक फुटतात आणि पिवळी भुकटी मोकळी होते. हवा चांगली असेल तर दुपारी तीन-चारपर्यंत माश्यांनी त्या दिवशीचा पराग जवळजवळ साफ केलेला असतो. फूल उमलल्यापासूनचे पहिले काही दिवसच फळधारणेच्या दृष्टीने मोलाचे. पराग कुक्षीवर पडला म्हणजे काम झाले असेही नाही. परागनलिका वाढत वाढत अंडाशयातील बीजांडापर्यंत पोहोचायला काही दिवस लागतात, थंडीत आणखी जास्त; आणि बीजांड तोवर तग धरेलच असे नाही. सगळे जुळून आले तरी शंभरातील पंचवीस-तीस फुलांनाच फळ धरते. बाकीची फुलगळ होते, आणि ती नेहमीचीच आहे.

बहुतेक जातींना स्वतःचा पराग चालत नाही. तो कुक्षीवर रुजतो खरा, पण त्याची नलिका कुक्षीवृंतात मध्येच थांबते. ही अडवणूक करणारी जनुके दोन जातींत सारखी असली तर त्यांचेही एकमेकांशी जमत नाही. म्हणून बागेत ओळी आलटून पालटून लावतात : एक ओळ नॉनपरेलची, शेजारची परागदात्या जातीची. नॉनपरेल ही जात बागायतदार ए. टी. हॅच यांनी कॅलिफोर्नियातील सुइसून येथे १८७९ मध्ये पुढे आणली आणि आजही बाजारात तिचाच वरचष्मा आहे. तिच्या सोबतीला कार्मेल, मॉन्टेरे, आल्ड्रिच, फ्रिट्झ अशा जाती असतात. एक सोबतीण थोडी आधी फुलणारी आणि एक थोडी नंतरची निवडली, तर नॉनपरेलचा फुलोरा दोन्ही टोकांना झाकला जातो. अडचण वेगळीच आहे. माशी ओळीच्या रोखाने झाडामागून झाड घेत जाते. पलीकडच्या ओळीत जायचा तिला कंटाळा. तरीही परपराग पोहोचतो, कारण पाळीव मधमाश्यांच्या पेटीत दाटीवाटीने वावरताना माश्यांची अंगे एकमेकींना घासली जातात आणि त्यांच्या केसांवर निरनिराळ्या झाडांचा पराग मिसळतो.

पेट्यांचा प्रश्न हा या साऱ्या व्यवहाराचा कणा आहे. एकरी दोन पेट्या हे रूढ प्रमाण. त्या हिशेबाने फेब्रुवारीत अमेरिकेतील मधमाश्यांच्या बहुसंख्य व्यावसायिक वसाहती (एका पेटीत एक वसाहत) एकट्या बदामाच्या बागांत येऊन बसतात. फ्लोरिडा, टेक्सास, नॉर्थ व साउथ डकोटा अशा दूरच्या राज्यांतून चारशेहून अधिक पेट्या भरलेले मालट्रक निघतात आणि रात्रीच्या रात्री बागेच्या कडेला पेट्या उतरवल्या जातात. विसाव्या शतकाच्या अखेरीस पेटीचे भाडे पन्नास डॉलरच्या आत होते. अलीकडे ते दोनशे डॉलरच्या आसपास असते. लागवड वाढत गेली आणि व्हरोआ या परजीवी कोळ्याने वसाहती पोखरल्या, ही त्यामागची दोन मुख्य कारणे. २०२५ च्या फुलोऱ्यापूर्वी तर मोठ्या मधपाळांच्या निम्म्याहून अधिक वसाहती मेल्याचे पाहणीत आढळले. महागड्या पेट्यांवर डोळा ठेवून होणाऱ्या चोऱ्या हा याच हंगामाचा आणखी एक ताप. बदामाचा मध कडवट असतो. तो बाजारासाठी न काढता माश्यांनाच ठेवतात. इथे मधपाळ मध विकत नाही, माश्यांची मजुरी विकतो.

भाडे पेटीमागे ठरत असले तरी करारात पेटीतील पोळ्याच्या, माश्यांनी भरलेल्या चौकटी मोजल्या जातात, आणि सरासरी आठ चौकटी हे सर्रास मान्य केलेले माप आहे. चार चौकटींच्या दोन कमजोर पेट्या आठ चौकटींच्या एका पेटीची बरोबरी करत नाहीत. लहान वसाहतीतील बऱ्याच माश्या अंडी-अळ्यांना ऊब देण्यातच गुंततात, तर भरलेल्या पेटीतून गार सकाळीही पराग गोळा करणाऱ्या माश्या बाहेर पडतात. हवा १३ अंशांच्या वर, वारा ताशी २४ किलोमीटरच्या आत आणि पाऊस नाही, अशा वेळी उड्डाणाचा तास धरला जातो. २०२३ चा फुलोरा पावसाने आणि गारठ्याने असा झोडपला की कित्येक बागांत हे तास फार थोडे भरले. तेवढ्या अवधीत जे काही होईल ते सशक्त पेट्याच करू शकतात. पेट्यांची संख्या मोजून निश्चिंत होणारा बागायतदार म्हणूनच फसतो.

ओल्या हवेत फुले व कोवळे शेंडे करपवणारी बुरशी फोफावते, त्यामुळे ऐन बहरात बुरशीनाशक फवारण्याखेरीज गत्यंतर नसते. ती फवारणी दिवस कलल्यावर, माश्या पेटीत परतल्यावर करावी आणि तिच्यात कीटकनाशक मिसळू नये, असा दंडक आहे. २०१४ मध्ये तो मोडल्याने हजारो वसाहतींचे नुकसान झाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या बदाम मंडळाने मधमाश्यांच्या रक्षणाची नियमावली प्रसिद्ध केली.

दहिवराचा घाला मात्र एका रात्रीत पडतो. पूर्ण फुललेले फूल उणे २ ते उणे ३ अंशांच्या दरम्यान मरते. नुकते धरलेले कोवळे फळ त्याहून नाजूक. म्हणजे फुलोरा सुखरूप पार पडला म्हणून निर्धास्त होता येत नाही. २०२२ च्या फेब्रुवारी अखेरीस सेंट्रल व्हॅलीच्या उत्तर भागातील सॅक्रॅमेंटो खोऱ्यातील अनेक बागा अशाच होरपळल्या. उपाय साधे आहेत : ओळींमधले गवत आखूड कापावे, जमीन आधीच ओली करून ठेवावी, रात्री तुषार सिंचन चालू ठेवावे. ओली, उघडी माती दिवसा अधिक ऊन साठवते आणि रात्री ते हळूहळू सोडते.

स्पेनमध्ये दहिवर चुकवण्यासाठी उशिरा फुलणाऱ्या आणि स्वतःच्या परागावर फळणाऱ्या जाती निवडण्याकडे कल आहे. तेथील पेंटा ही अशीच जात. कॅलिफोर्नियातही इंडिपेंडन्स, शास्ता अशा स्वपरागी जाती वाढत आहेत. त्यांना पेट्या कमी लागतात, पण माश्या आल्यास त्यांचेही उत्पादन वाढते.

काश्मीरमध्ये फुलोरा मार्चच्या मध्यानंतर येतो. श्रीनगरच्या हरी पर्वताच्या पायथ्याची बदामवारी त्या दिवसांत पाहणाऱ्यांनी गजबजते. पडीक झालेली ही बाग २००८ मध्ये नव्याने उभी करून खुली करण्यात आली. पुलवामा, बडगाम भागांतील जुनी झाडे बहुतांशी बियांपासून वाढवलेली असल्याने प्रत्येक झाड वेगळ्या वाणाचे. परागदाता वेगळा लावावा लागत नाही, पण सगळी झाडे एका वेळी फुलतही नाहीत. वसंतातील पाऊस आणि गारपीट फुलोरा झोडपून काढते. सफरचंदाच्या तुलनेत उत्पन्न बेभरवशाचे ठरल्याने बदामाखालचे क्षेत्र घटत गेले आहे.

कॅलिफोर्नियातील पिकाचा पहिला सरकारी अंदाज मे महिन्यात आणि दुसरा जुलैत जाहीर होतो, तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबर चालते. भारत हा तेथील बदामाचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक असून मुख्यतः कवचासकट नॉनपरेल घेतो. त्यामुळे मुंबई-नवी मुंबईच्या सुक्या मेव्याच्या बाजारातील व्यापारी दिवाळीची खरेदी ठरवताना फेब्रुवारीतील तेथल्या हवामानाची खबर आधीपासून ठेवून असतात.