फुटक्या बशा-टाइल्सची भिंत-सजावट

फुटलेल्या बशा, कप, टाइल्स, वाढलेल्या बांगड्या, आरशाचे तुकडे असं घरातलं नि बांधकामावरचं टाकाऊ सामान ओल्या सिमेंटमध्ये बसवून भिंत सजवायची ही पद्धत. तसा हा मोझेकचाच प्रकार, पण नेहमीच्या मोझेकला तुकडे मापात कापून घेतात, इथे जसा फुटला साधारण तसाच लावायचा, मग त्यावर अर्धवट राहिलेलं फूल, बशीचा काठ, कपाचा कान हे सगळं भिंतीत दिसत राहतं आणि खरी मजा त्यातच आहे.

बार्सिलोनात याला त्रेंकादीस म्हणतात. तिथल्या पार्क ग्वेलमधला (काम १९०० ते १९१४) नागमोडी बाक सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, पार्क वास्तुविशारद आंतोनी गाउदीचं असलं तरी त्या बाकावरचं तुकडेकाम मुख्यतः त्याचा सहकारी जुजोल याचं. बँकॉकच्या वाट अरुण मंदिराचा उंच मनोरा तर त्याच्याही आधीचा, १९व्या शतकाच्या पूर्वार्धातला, चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी आणि शिंपल्यांनी मढवलेला. फ्रान्समध्ये शार्त्रला रेमों इझिदोर नावाच्या दफनभूमीत काम करणाऱ्या माणसाने १९३८ च्या सुमारास रस्त्यात, शेतात सापडलेले चमकणारे तुकडे गोळा करून स्वतःच्या घराला लावायला घेतले आणि १९६४ मध्ये वारेपर्यंत भिंती, अंगण, आतलं फर्निचर काहीच सोडलं नाही.

पण या सगळ्यात मोठं काम आपल्या देशात झालंय, चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये. नेक चंद सैनी (१९२४–२०१५) फाळणीत गाव सुटून इकडे आलेले, चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर. नवं शहर उभं करायला आसपासची बरीच गावं पाडली होती, त्या पाडलेल्या घरांचा राडारोडा ते सायकलवरून सुखना तलावाजवळच्या जंगलात नेऊन साठवायचे आणि १९५७ पासून नोकरी सांभाळून तिथे गुपचूप काम करायचे, कारण ती जागा सरकारी आणि बांधकामाला पूर्ण बंदी असलेली. १९७० च्या दशकाच्या मध्यावर अधिकाऱ्यांना हे सापडलं तेव्हा कित्येक एकर पसारा झाला होता! पाडून टाकायची वेळ आली होती, पण लोक पाठीशी राहिले आणि १९७६ मध्ये बाग सगळ्यांसाठी खुली झाली, त्यांना पगार आणि हाताखाली मजूर मिळाले, १९८४ ला पद्मश्री. तिथल्या भिंती नीट बघाव्यात. कुठे विजेच्या फिटिंगचे पांढरे चिनी मातीचे भाग रांगेने लावलेत, कुठे फुटकी बेसिनं, कुठे डांबराची पिंपं रचून अख्खी भिंत, आणि पुतळ्यांच्या अंगावर रंगीत बांगड्यांचे कपडे. ज्या शहरासाठी गावं गेली त्याच शहरात त्या गावांचं सामान उभं राहिलंय, माझ्या मते म्हणूनच ही बाग बार्सिलोनापेक्षा जास्त भिडते.

महाराष्ट्रात हेच तंत्र भिंतीपेक्षा गच्चीवर जास्त दिसतं, चायना मोझेक म्हणून. पांढऱ्या टाइलचे तुकडे वॉटरप्रूफिंगवर बसवले की पावसाचं पाणी पटकन वाहून जातं आणि पांढरा रंग ऊन परत फेकतो म्हणून खालची खोली कमी तापते. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे, त्यांनी अहमदाबादच्या 'संगथ' या ऑफिसच्या गोल छपरांना हेच वापरलंय.

घरी करायचं तर भिंतीवरचा ऑइलपेंट आधी खरवडून काढावा लागतो, गुळगुळीत भिंतीवर सिमेंट धरतच नाही, छिन्नीने खडबडीत करून पाणी मारायचं. बशी पोत्यात गुंडाळून मगच हातोडी मारायची, डोळ्यांना गॉगल पाहिजेच, यात हयगय नको. सिमेंट-वाळूचा मसाला किंवा टाइल अॅडहेसिव्ह थोड्याच भागावर लावायचं, जेवढं सुकायच्या आत भरून होईल तेवढंच. एक दिवस जाऊ द्यायचा, मग फटींत ग्राउट (फटी बुजवायचं पातळ सिमेंट) भरून वरचं ओल्या स्पंजने पुसून काढायचं. लहान मुलांचा हात पोचतो तिथे धारदार कडा पॉलिशच्या दगडाने घासून घ्याव्यात.

सगळंच सामान बाहेर टिकत नाही. चिनी माती आणि ग्लेझ्ड टाइल वर्षानुवर्षं राहते, साधी भाजलेली माती पाणी पिते. आरशाच्या मागचा थर ओल आणि सिमेंटमुळे काळा पडतो, म्हणून आरसे आतल्या भिंतीला लावलेले बरे. लोखंडी वस्तू कोकणाच्या खाऱ्या हवेत गंजून फुगतात आणि आजूबाजूचं सिमेंटही फोडतात. हल्ली काही जण दुकानातून नव्या टाइल्स आणून मुद्दाम फोडतात, ते पटत नाही, टाइलवाल्यांच्या गोडाऊनमागे तुटका माल ढिगाने पडलेला असतो आणि विचारलं तर बऱ्याचदा फुकटही देतात.