झोन मोठा म्हणजे कॉम्प्लेक्स भारी? झोन आणि एमआयसी यांतला फरक

सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या कार्बोक्झिलेट आणि शेजारच्या कीटो ऑक्सिजनला तांबं जोडून कॉम्प्लेक्स (धातू आणि औषध यांचं संयुग) बनवलं, चूर्ण गाळून सुकवलं, ई. कोलाय या जिवाणूच्या प्लेटवर लावलं. समजा, मूळ औषधाचा झोन (चकतीभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) २४ मिमी आला आणि कॉम्प्लेक्सचा २८. लगेच लिहिलं जातं, ‘कॉम्प्लेक्स जास्त प्रभावी’. एवढ्या पुराव्यावर असं लिहू नये, असं मला ठामपणे वाटतं.

झोनच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: जिवाणूंना रोखण्याची ताकद आणि आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, पसरण्याची क्षमता. ६ मिमीच्या चकतीतून पदार्थ झिरपत जातो, विरळ होत जातो आणि जिथे तो वाढ रोखायला अपुरा पडतो तिथे झोनची कडा येते. मोठा किंवा कमी विरघळणारा रेणू चकतीजवळच अडकतो, मग तो कितीही जहाल असो. कोलिस्टिन आगरमध्ये नीट पसरत नाही, म्हणून त्याची चाचणी चकतीवर न करता ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रव माध्यमात पायरीपायरीने विरळ करून) करायला सांगितलं जातं. धातूच्या कॉम्प्लेक्सबाबतही हीच शंका घ्यायला हवी.

एमआयसीत, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा मोजताना, पसरण्याचा प्रश्नच येत नाही. पदार्थ ब्रॉथमध्ये दर पायरीला निम्मा विरळ करायचा, प्रत्येक खाचेत मिलीमागे साधारण ५ लाख जिवाणू घालायचे, ३५ अंशांना १६ ते २० तास ठेवायचं. ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ दिसत नाही ती एमआयसी. पायऱ्या दुपटीच्या असल्यामुळे ०.२५ आणि ०.५ यांतला फरक चाचणीच्या चुकीतच मोडतो. शिवाय कॉम्प्लेक्स रंगीत असेल किंवा ब्रॉथमध्ये साका धरत असेल, तर नुसत्या डोळ्यांनी वाचन करणं धोक्याचं. तिथे जिवंत जिवाणूंमुळे रंग बदलणारं रेझाझुरिन मदतीला येतं.

खरी गंमत एककात आहे. सिप्रोचा रेणुभार ३३१, दोन सिप्रो आणि एक तांबं असलेल्या कॉम्प्लेक्सचा (पाणी न धरता) सुमारे ७२४. दोघांची एमआयसी ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली आली, तर मोलरमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येच्या हिशेबाने, सिप्रो १.५ मायक्रोमोलर आणि कॉम्प्लेक्स ०.७. कॉम्प्लेक्स दुप्पट प्रभावी वाटतं ना? पण त्याच्या प्रत्येक रेणूत सिप्रो दोन आहेत. सिप्रोच्या हिशेबाने १.४ विरुद्ध १.५, म्हणजे जवळजवळ बरोबरी.

आणि एवढ्या विरळ द्रावणात कॉम्प्लेक्स अखंड राहतं का, हाही प्रश्न उरतोच. ब्रॉथमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतंच, तेही सिप्रोला धरतात. म्हणून तुलनेला फक्त लिगंड (धातूला धरणारा रेणू, इथे सिप्रो) पुरत नाही. तांब्याचं साधं क्षार, निव्वळ डीएमएसओ (पदार्थ विरघळवायचं द्रावक) आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे क्षार व लिगंड यांचं १:२ प्रमाणातलं साधं मिश्रण, हे तिन्ही त्याच प्लेटवर हवेत. त्या मिश्रणाची एमआयसी कॉम्प्लेक्सइतकीच आली, तर संश्लेषणाने काही वेगळं दिलं असं त्या आकड्यावरून म्हणता येत नाही.