ल्युपस-मूत्रपिंडदाहातील नेत्रविकार

ल्युपस हा विकार मूत्रपिंडापर्यंत पोचलेल्या रुग्णांच्या डोळ्यांत जे बदल होतात, त्या सर्वांना मिळून ही संज्ञा वापरतात. हा एकच आजार नाही. डोळ्यांचा कोरडेपणा, पडद्यावरचे (दृष्टिपटलावरचे) रक्तस्राव, पडद्याखाली साचलेले पाणी, गोळ्यांनी झालेली इजा, डायलिसिसवरच्या रुग्णाचा लाल डोळा असे कितीतरी प्रकार यात मोडतात. रुग्ण मात्र सगळ्यांचे वर्णन एकाच वाक्यात करतो : ‘धूसर दिसतंय, नंबर वाढला असेल.’ चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून मिळतो आणि मूळ कारण तसेच राहते.

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकातील द्रव्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुतेक मूल होण्याच्या वयातल्या. साधारण निम्म्या रुग्णांत केव्हा ना केव्हा मूत्रपिंडाचा दाह होतो. उन्हाने हा आजार चाळवतो. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत विरळणीला जाणाऱ्या किंवा उसाच्या भांगलणीला उभ्या राहणाऱ्या बाईच्या गालावर उठलेला लालसर चट्टा घरात ‘वांग’ म्हणूनच खपतो. वांग तपकिरी असते आणि बहुधा खाजत-जळत नाही. ल्युपसचा चट्टा उन्हात भडकतो, नाकावरून दोन्ही गालांवर पसरतो आणि नाकपुडीपासून ओठाकडे जाणारी घडी सहसा सोडून देतो. डोळ्यांबाबतची पहिली तक्रार पुष्कळदा सकाळी पापण्या सुजण्याची असते, आणि गंमत अशी की ती डोळ्याची नसतेच. लघवीतून प्रथिने वाहून गेल्याने अंगात पाणी साचते, ते पापणीच्या सैल त्वचेत आधी दिसते. लघवीला फेस येत असेल तर ही सूज जागरणावर ढकलू नये.

मूत्रपिंड आणि डोळा एकत्र का बिघडतात, याचे उत्तर बारीक रक्तवाहिन्यांत आहे. मूत्रपिंडातील गाळणीचे केशिकागुच्छ आणि दृष्टिपटलाला मागून रक्त पुरवणारे रंजितपटल, दोन्हींच्या केशवाहिन्यांना सूक्ष्म छिद्रे असतात आणि दोन्हींतून रक्त भरपूर वाहते. प्रतिपिंडे आणि ती ज्यांच्याविरुद्ध तयार होतात ते प्रतिजन यांची संयुगे अशा ठिकाणी अडकून दाह पेटवतात. रंजितपटल गळू लागले की पाणी दृष्टिपटलाखाली साचते, बहुधा दोन्ही डोळ्यांत. अशा रुग्णाचा मूत्रपिंडदाह त्या वेळी जोरात असल्याचे आणि बीपी चढलेले असल्याचे वारंवार आढळते. मूत्रपिंडाचा दाह व बीपी आटोक्यात आले की हे पाणी बहुतांशी आपोआप ओसरते. डोळ्याला वेगळे काही करावे लागत नाही.

मूत्रपिंडविकार आणि अंधत्व यांचा संबंध लंडनचे डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच नोंदवला होता. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे नेत्रदर्शक हे उपकरण जगापुढे मांडल्यावर डोळ्याचा पडदा जिवंत माणसात पाहता येऊ लागला. लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जाणाऱ्या रुग्णांच्या पडद्यावरील बदलांना तेव्हा लघवीवरूनच नाव पडले. त्यामागे रक्तदाबाचा हात किती मोठा आहे हे पुढे उमगले. रक्तदाबाने होणाऱ्या पडद्याच्या बदलांची चार पायऱ्यांची प्रतवारी कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी १९३९ मध्ये मांडली. चौथ्या पायरीवर दृष्टिचेतेची चकती (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी चेता पडद्याला जिथे जोडते तो भाग) सुजते, आणि ती रुग्णाला तातडीने दाखल करण्याची वेळ असते.

खुद्द ल्युपसने दृष्टिपटलात होणारा सर्वांत ओळखीचा बदल म्हणजे कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे ठिपके. तो साका नसतो. बारीक धमनी बुजल्याने चेतातंतूंचा तेवढा थर सुजून पांढरा पडलेला असतो, आणि काही आठवड्यांत ठिपका विरून जातो. ठिपके गेले म्हणजे आजार गेला असे धरू नये. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे (रक्तात गुठळ्या होऊ देणारी) असलेल्या रुग्णांत धोका वेगळाच असतो : मोठी नीला किंवा धमनी गुठळीने बुजून एका डोळ्याची नजर काही मिनिटांत जाऊ शकते, दुखत काहीच नाही. क्वचित डोळे पूर्ण निरोगी असूनही दिसेनासे होते. रक्तदाब एकदम चढून मेंदूच्या मागच्या भागाला सूज येते, झटके येतात, डोके फुटेल असे दुखते. वेळीच दाब उतरवला तर नजर परत येते.

सर्वांत जास्त आढळणारा त्रास मात्र साधा, कोरड्या डोळ्यांचा. डोळ्यात कचरा गेल्यासारखे खुपणे, संध्याकाळी चुरचुरणे. ‘डोळे आले’ म्हणून दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्‌महिने घालणे हा त्यावरचा सर्वांत घातक घरगुती उपाय, कारण त्यातून काचबिंदू होऊ शकतो. डोळ्याचा पांढरा भाग लालजांभळा होऊन खोलवर, रात्री झोपेतून उठवील असा दुखत असेल तर तो श्वेतपटलाचा दाह. तो थेंबांवर सोडून चालत नाही.

औषधांचा भाग सर्वांत गुंतागुंतीचा. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मोतीबिंदू होतो, तोही भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, त्यामुळे उन्हात आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात जास्त खुपतो. डोळ्यातला दाब वाढू शकतो. साखर वाढली की भिंग फुगते आणि चष्म्याचा नंबर आठवड्या-आठवड्याने बदलतो. अशा वेळी नवा चष्मा करणे म्हणजे पैसे पाण्यात. आणखी एक : स्टेरॉइडमुळेसुद्धा दृष्टिपटलाच्या मध्यभागाखाली पाणी साचते. म्हणजे वर सांगितलेल्या ल्युपसच्या पाण्यासारखेच चित्र. एकावर प्रतिकारशक्ती दाबणारे औषध वाढवावे लागते, दुसऱ्यावर स्टेरॉइड जमेल तेवढे उतरवावे लागते. नेत्रतज्ज्ञ आणि मूत्रपिंडतज्ज्ञ एकमेकांशी न बोलता दोन वेगळ्या चिठ्ठ्या लिहितात, तेव्हा नुकसान नेमके इथे होते.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही गोळी, रुग्णांच्या तोंडी ‘एचसीक्यू’, ल्युपसच्या उपचाराचा कणा आहे. ती आजाराची उसळी रोखते आणि मूत्रपिंडाचेही रक्षण करते, म्हणून डोळ्याच्या भीतीने परस्पर बंद करू नये. तिची इजा हळू चढते. अमेरिकी नेत्रतज्ज्ञ संघटनेच्या २०१६ च्या शिफारशीनुसार दिवसाला प्रत्यक्ष वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त मात्रा देऊ नये. या मर्यादेत राहिल्यास पहिल्या ५ वर्षांत इजेची शक्यता १ टक्क्याखाली, १० वर्षांपर्यंत २ टक्क्यांखाली असते. २० वर्षांनंतर ती २० टक्क्यांच्या आसपास जाते. ४० किलोच्या बाईला ही मर्यादा २०० मिलिग्रॅम, म्हणजे रोज एकच गोळी. ४०० ची मात्रा तिला दुप्पट होते. मूत्रपिंडाच्या रुग्णात आणखी दोन अडचणी. अंगावर सूज असेल तर काट्यावरचे वजन पाण्याचेही असते, तेव्हा सूज नसतानाचे वजन धरणेच शहाणपणाचे. आणि या औषधाचा बराचसा निचरा मूत्रपिंडातून होतो. गाळणी मंदावली की तीच मात्रा रक्तात जास्त साचते.

इजा सुरू होते ती दृष्टीच्या केंद्राभोवतीच्या कड्यात. अगदी मध्यबिंदू शाबूत असतो, त्यामुळे तक्त्यावरची शेवटची ओळही रुग्ण वाचून दाखवतो. वाचताना एखादे अक्षर गळते, सुईत दोरा ओवता येत नाही, एवढेच जाणवते. आशियाई रुग्णांत हे कडे केंद्रापासून जरा दूर उमटते, म्हणून दृष्टिक्षेत्राची (नजर स्थिर ठेवून जेवढे दिसते त्या परिसराची) तपासणी मधल्या १० अंशांपुरती न करता २४ किंवा ३० अंशांपर्यंत करावी लागते. दृष्टिपटलाच्या थरांचा ओसीटी स्कॅन जोडीला हवा. झालेली इजा भरून येत नाही आणि गोळी थांबवल्यावरही काही काळ वाढू शकते. औषध सुरू झाल्यावर वर्षाच्या आत पहिली तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी, असा रिवाज आहे. मूत्रपिंड अधू असेल तर पाच वर्षे थांबू नये.

प्रतिकारशक्ती दाबली गेलेल्या रुग्णाच्या कपाळावर नागीण उठली आणि नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर डोळा धोक्यात आहे असे समजून त्याच दिवशी दाखवावे. नागिणीवर गेरू लावत बसण्याची ही वेळ नव्हे.

मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस सुरू झाल्यावर ल्युपस बऱ्याचदा थंडावतो. डोळा लाल होतो तो वेगळ्या कारणाने : कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचे क्षार डोळ्याच्या उघड्या राहणाऱ्या पट्ट्यात, नेत्रश्लेष्मला (पांढऱ्या भागावरचे पातळ आवरण) आणि पारपटलावर (बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर) साचतात. डायलिसिसच्या बैठकीत डोळ्यातला दाबही खालीवर होऊ शकतो. काचबिंदूवर सर्रास दिली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी अशा रुग्णाला गुंगी, गोंधळ आणि रक्तातील आम्ल वाढणे इथवर नेऊ शकते; नेत्रतज्ज्ञाला डायलिसिसबद्दल आधीच सांगणे रुग्णाच्याच हिताचे.

सांगली-साताऱ्याकडे हे रुग्ण मुख्यतः मिरज आणि कराडला एकवटतात. मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. उत्तर कर्नाटकातूनही माणसे इथे उपचाराला येतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्यामुळे आठवड्याच्या फेऱ्या ठरलेल्या असतात, डोळ्यांची फेरी मात्र मागे पडते. जत, आटपाडी किंवा माणकडून एसटीने येणाऱ्या रुग्णाने दोन्ही कामे एका दिवशी लावायची तर डायलिसिस नसलेला, रक्ततपासणीचा दिवस निवडावा. पडदा पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर चार-सहा तास जवळचे वाचता येत नाही आणि ऊन सहन होत नाही. सोबत माणूस आणि काळा चष्मा असावा, आणि स्वतःच्या दुचाकीवर येऊ नये.