दातांचं काम चालू असताना तोंडात काही सुटलं तर

रूट कॅनालच्या वेळी दाताभोवती रबराचा पडदा कशाला ताणता, त्याच्याशिवाय लवकर होणार नाही का, हे आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक पेशंट विचारतो. कॅप बसवताना जिभेच्या मागे गॉजची घडी ठेवली की हातानेच खूण होते, "काढा." बाजाराच्या दिवशी तर "लवकर आटपा डॉक्टर, एसटी निघून जाईन" हे ठरलेलंच. तोंड उघडं ठेवून निजलेल्या माणसाला हे सगळं समजावता येत नाही. म्हणून लिहून दिलं आहे. खुर्चीत बसण्याआधी वाचा आणि सोबत आलेल्यालाही वाचायला द्या.

दाताच्या कामात हातातून निसटून घशात जाऊ शकतील अशा लहान वस्तू पुष्कळ असतात. रूट कॅनालच्या फाइली, म्हणजे दाताची आतली नळी साफ करायच्या बारीक कानशी, सुईसारख्या, साधारण 21 ते 25 मिलिमीटर लांब. दाढेची कॅप 10-11 मिलिमीटर रुंद, बाहेरून गुळगुळीत, त्यात लाळ आणि आमच्या हातात ग्लोव्ह. मोठ्या माणसाची श्वासनलिका आतून साधारण 15 ते 20 मिलिमीटर रुंद असते, म्हणजे कॅप तिथून सहज आत जाऊ शकते. पुढे श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात. उजवा फाटा जास्त रुंद आणि जास्त सरळ खाली जाणारा, म्हणून आत गेलेली वस्तू बहुतेक वेळा उजव्या फुफ्फुसाकडे सापडते.

असं क्वचित होतं आणि झालं तरी वस्तू बहुधा श्वासनलिकेत न जाता पोटात जाते. पोटात गेलेली कॅप सहसा काही दिवसांत शौचावाटे निघून जाते. टोकदार फाइलचं मात्र तसं गृहीत धरता येत नाही. आणि श्वासनलिकेत गेलेली वस्तू आपोआप निघेल म्हणून वाट पाहायचीच नसते, ती दुर्बिणीने काढावी लागते.

आता मुख्य गोष्ट. तोंडात काहीतरी सुटल्यासारखं वाटलं की माणूस ताडकन उठून बसतो, दचकून मोठा श्वास ओढतो आणि "काय पडलं?" म्हणून बोलायला जातो. हेच करायचं नाही. तुम्ही निजलेले असता तेव्हा सुटलेली कॅप बहुधा गालाच्या कोपऱ्यात किंवा जिभेच्या मागे टेकलेली असते आणि तिथून ती चिमट्याने किंवा सक्शनने, म्हणजे लाळ ओढणाऱ्या नळीने, काढता येते. उठून बसलात की ती सरळ खाली जाते. ओढलेल्या श्वासासोबत गेली तर श्वासनलिकेत, आवंढा गिळला तर पोटात.

तेव्हा निजलेलेच राहा. मान एका बाजूला वळवा, तोंड उघडं ठेवा, आवंढा गिळू नका, श्वास नाकाने हळू घ्या. ठसका आला तर दाबू नका, मोकळेपणाने खोका. एरवी काम चालू असताना काही सांगायचं असेल तर डावा हात वर करा. हात दिसला की आम्ही आधी तोंडातली वस्तू बाहेर घेतो, मग तुमचं ऐकतो. मोबाइल वाजला म्हणून मान वळवू नका, तो आधीच सोबतच्याकडे द्या.

वस्तू सापडली नाही तर पुढची चूक सोबतचे लोक करतात, आणि वेळ सगळ्यात जास्त तिथेच जातो. कुणी केळं खाऊ घालतं, कुणी भाकरीचा घास, कुणी घरी नेऊन एरंडेल देतं. यातलं काहीही देऊ नका. दुर्बिणीने वस्तू काढायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं. एक केळं खाल्लं तरी डॉक्टरांना साधारण 6 तास थांबावं लागू शकतं. आधीच इथून नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीचं मोठं हॉस्पिटल गाठायचं, त्यात तिथे हे 6 तास, म्हणजे दिवस गेलाच. एरंडेलाने टोकदार वस्तू बाहेर येत नाही, उलट आतड्याला इजा होण्याची भीती असते.

ठसका थांबला म्हणजे वस्तू निघाली, असंही समजू नका. आत जाऊन बसलेली वस्तू काही दिवस गप्प राहू शकते. मग खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, ताप सुरू होतो आणि घरचे दमा किंवा न्यूमोनियाचं औषध आणत राहतात. म्हणून वस्तू दिसेनाशी झाली की आम्ही त्याच दिवशी छातीचा आणि पोटाचा एक्स-रे काढायला पाठवतो. सोबत चिठ्ठी आणि तशीच दुसरी फाइल किंवा कॅप पाकिटात देतो, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना काय शोधायचं ते दिसतं. ते पाकीट घरी ठेवून जाऊ नका. साध्या कवळीचं प्लास्टिक एक्स-रेत सहसा दिसत नाही. कवळीचा तुकडा गेला असेल आणि एक्स-रे स्वच्छ आला, तर तेवढ्यावर परत फिरू नका.

श्वास अडकून माणसाला बोलता किंवा खोकता येत नसेल तर वाट पाहायची नाही. त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने 5 जोराच्या थापा, मग मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वरच्या दिशेने 5 दाब, आणि वस्तू निघेपर्यंत आळीपाळीने हेच. दुसऱ्याने 108 लावायचा. गरोदर बाईला आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब द्यायचे नाहीत.

रबराचा पडदा ही नवी टूम नाही. न्यूयॉर्कचे दंतवैद्य बार्नम यांनी तो 1864 मध्ये वापरात आणला. तो लावायला पाच मिनिटं लागतात, पण त्यापलीकडे फाइल जात नाही आणि औषधाचं पाणीही घशात उतरत नाही. पडद्याच्या क्लिपला आम्ही धागा बांधतो, त्याचं टोक तोंडाबाहेर लोंबतं. तो ओढू नका. कॅप बसवताना पडदा लावता येत नाही, म्हणून तिथे गॉजची घडी. काम संपल्यावर फाइली मोजतो, मगच तुम्हाला उठवतो. या कशाचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. फुगा किंवा रबरी हातमोज्याने अंगाला खाज सुटत असेल तर आधी सांगा, वेगळा पडदा ठेवलेला आहे. नाक चोंदलं असेल तर फोन करून तारीख पुढे घ्या, पडद्याआड तोंडाने श्वास घेणं जड जातं.

खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं, त्यांना वेगळं सांगायचं आहे. तोंड दोन बोटंच उघडत असेल तर मागच्या दाढेपर्यंत आमची बोटं आणि सक्शन एकदम पोचत नाही, आणि सुटलेली वस्तू पकडणं अवघड होतं. अशा पेशंटचं काम आम्ही एका बैठकीत उरकत नाही. दोन फेऱ्या होतील, त्याला इलाज नाही. तोंड कमी उघडणं हा स्वतःही तपासून घ्यायचा आजार आहे, त्याकडे दातापेक्षा आधी बघा.

हलणारा दात, एका दाताची काढता येणारी कवळी, घरीच झटपट गोंदाने चिकटवलेली कॅप, यातलं काहीही असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा. लपवू नका, त्यासाठी कुणी रागावणार नाही. असा गोंद काही जेवणांपुरता टिकतो आणि झोपेत सुटला तर कॅप कुठे गेली तेही कळत नाही. सुटलेली कॅप डबीत घालून घेऊन या, चांगली असेल तर तीच पक्क्या सिमेंटने बसवून देतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा. कवळी किंवा कॅप सैल झाली आहे का हे बघायला फी नाही. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी या, आणि परतीची एसटी दुपारनंतरची धरा.