कृतिशील विज्ञान उपक्रम : सोलापूरच्या संदर्भात

शालेय मुलांना स्वतःच्या हातांनी उपकरण जोडण्याची, मोजमाप घेण्याची, फसलेला प्रयोग पुन्हा करून पाहण्याची आणि हाती आलेल्या निरीक्षणांवरून निष्कर्ष काढण्याची संधी देणारे जे उपक्रम शाळेच्या नेहमीच्या तासांना पूरक म्हणून चालवले जातात, त्यांना कृतिशील विज्ञान उपक्रम म्हणतात. विज्ञान छंदवर्ग, सुटीतील शिबिरे, फिरत्या प्रयोगशाळा, विज्ञान केंद्रांतील कार्यशाळा आणि शेत, तलाव किंवा कारखान्याच्या क्षेत्रभेटी ही त्यांची प्रचलित रूपे होत. शिक्षकाने टेबलावर करून दाखवलेला प्रयोग पन्नास मुलांनी बाकावर बसून पाहिला, तर तो या व्याख्येत बसत नाही. उपक्रमाच्या नावात कृती असते आणि प्रत्यक्षात मात्र मुलांचे हात रिकामेच असतात, असे बऱ्याच ठिकाणी घडते. म्हणून हा भेद आधीच स्पष्ट केलेला बरा.

हा भेद किती खोल आहे, हे साध्या विद्युत मोटारीच्या उदाहरणावरून दिसते. विद्युतरोधक मुलामा असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे, एक सेल, एक चुंबक आणि दोन सेफ्टी पिना एवढ्या साहित्यात ही मोटार तयार होते. तारेच्या एका टोकावरचा मुलामा पूर्ण खरवडायचा असतो, दुसऱ्या टोकावरचा मात्र फक्त अर्ध्या बाजूचा. दोन्ही टोके पूर्ण खरवडली, तर वेटोळे एका जागी डोलत राहते, फिरत नाही, कारण अर्ध्या फेरीनंतर त्यावरचे बल उलट दिशेने काम करू लागते. ज्या मुलाची मोटार आधी डोलते आणि मग फिरते, त्याला दिक्परिवर्तकाचे, म्हणजे दर फेरीत विद्युतप्रवाह योग्य वेळी बदलणाऱ्या भागाचे, काम आकृतीशिवाय समजते. फिरणारी मोटार नुसती पाहणाऱ्याला ती फिरते एवढेच कळते.

भारतात हाताच्या कामातून शिकण्याचा विचार १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडल्या गेलेल्या गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीपर्यंत मागे नेता येतो. मात्र तिचा केंद्रबिंदू उत्पादक उद्योग हा होता, प्रयोग नव्हता. विज्ञानापुरता निर्णायक प्रयत्न म्हणजे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्याच्या १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू केला आणि १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य या संस्थेने तो चालवला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. मुलांनी गटात प्रयोग करायचे, उत्तरे पुस्तकात न शोधता प्रयोगातून काढायची आणि परीक्षेतही पुस्तक जवळ ठेवायची, ही त्याची रीत होती. सरकारी शाळांच्या व्यवस्थेत राहून हे तीस वर्षे चालले, ही बाब आजच्या कोणत्याही चमकदार प्रयोगशाळेपेक्षा अधिक अभ्यासण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने मराठीतून विज्ञानप्रसाराचे जाळे विणले. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून शालेय विज्ञानाच्या अध्यापनावर संशोधन करीत आहे. डॉ. श्री. श. कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने कृषी, ऊर्जा, यंत्रकाम आणि गृहआरोग्य यांची सांगड घालणारा अभ्यासक्रम माध्यमिक शाळांपर्यंत नेला. अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ आणि रिकाम्या डब्या यांपासून शेकडो खेळणी रचली आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ती देशभर पोहोचवली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वस्त साहित्याचा त्यांचा आग्रह केवळ काटकसरीपोटी नव्हता. महागडे उपकरण मोडेल या धास्तीने शाळा ते कपाटात बंद ठेवतात. टाकाऊ वस्तूच्या बाबतीत ही धास्ती उरत नाही.

सोलापूर शहरात अशा उपक्रमांना लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी जवळजवळ आहेत. पुणे महामार्गालगत केगाव परिसरात सोलापूर विज्ञान केंद्र आहे. त्याच परिसरात पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आणि २००५ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. नान्नजचे माळढोक अभयारण्य एका दिवसात पाहून परत येता येते. माळढोकाचे दर्शन आता दुर्मीळ झाले असले, तरी काळविटांचे कळप आणि गवताळ माळाची परिसंस्था अभ्यासायला मिळते. तरीही संस्थांच्या यादीने उपक्रम उभा राहत नाही. तो उभा राहतो त्या गावच्या प्रश्नांवर, आणि सोलापूरकडे असे प्रश्न भरपूर आहेत.

त्यांतला पहिला प्रश्न पाण्याचा. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात कोणते पाणी कशासाठी वापरायचे, हे मुलांना घरातूनच ठाऊक असते. उजनीहून येणारे नळाचे पाणी, बोअरचे पाणी, सिद्धेश्वर तलावाचे पाणी आणि साठवलेले पावसाचे पाणी सारख्या बाटल्यांत सारख्या मापाने घ्यावे, प्रत्येकात साबणाच्या द्रावणाचे मोजून थेंब टाकावेत, बाटल्या सारख्याच वेळा हलवाव्यात आणि फेसाची उंची पट्टीने मोजावी. दख्खनच्या बेसॉल्टमधून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात; त्यामुळे बोअरच्या पाण्यात फेस कमी आणि साका जास्त दिसतो. येथे साधा साबण घ्यावा लागतो. धुण्याची पावडर घेतल्यास फरक पुसट होतो, कारण ती कठीण पाण्यातही काम करील अशीच बनवलेली असते. मुलांनी नेमकी हीच अदलाबदल केली, तर शिक्षकाने थांबवू नये. निष्फळ ठरलेल्या त्या तासातूनच पुढचा प्रश्न निघतो.

पर्जन्यमापक हा त्याचाच पुढचा भाग. सरळ भिंतीच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा बसवला, तळाचा खोलगटपणा खडे व पाणी घालून सपाट केला आणि त्या पातळीपासून मिलिमीटरची पट्टी चिकटवली, की काम भागते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात पाऊस थोडा आणि विखुरलेला पडतो. जुळे सोलापूर, पूर्व भाग आणि होटगी रस्ता येथील मुलांनी एकाच दिवशी घेतलेल्या नोंदी वेगवेगळ्या निघू शकतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. त्या हिशेबाने पन्नास चौरस मीटरच्या छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर पाचशे लिटर पाणी मिळते. हे गणित सोलापूरच्या मुलाला कोरडे वाटत नाही.

पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडे कोमट पाणी आणि उदबत्तीचा धूर घ्यायचा, झाकण घट्ट लावून बाटली दाबायची आणि एकदम सोडायची. आतली हवा प्रसरण पावून थंड होते आणि क्षणभर धुके दिसते. धुराशिवाय ते फार फिके दिसते, कारण बाष्पाला जमण्यासाठी सूक्ष्म कण लागतात. सोलापुरात या प्रयोगाला खास संदर्भ आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा शास्त्रीय प्रयोग करण्यासाठी हाच पर्जन्यछायेचा भाग निवडला आणि विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे कण ढगांच्या तळाशी सोडून त्यांचा परिणाम रडार व पर्जन्यमापकांनी तपासला. बाटलीतल्या धुराचे आणि विमानातून सोडलेल्या क्षाराचे काम तत्त्वतः एकच आहे.

यंत्रमाग हे सोलापूरचे दुसरे मोठे उघडे पुस्तक होय. पूर्व भागातील अनेक मुलांनी ताणा (उभे धागे), बाणा (आडवे धागे), कांडी, बीम हे शब्द शाळेत जाण्याआधीच ऐकलेले असतात. भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड यंत्रणेवर विणली जाते. जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध केलेल्या या यंत्रणेत छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते. छिद्र असेल तेथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो, छिद्र नसेल तेथे सुई मागे ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी छिद्रपत्रांची ही कल्पना घेतली. छंदवर्गात चौकटीच्या कागदावर मोराची नक्षी काढून तिच्या प्रत्येक ओळीचे शून्य आणि एक असे रूपांतर करता येते, मग लोकरीच्या रंगीत धाग्यांनी ती पुठ्ठ्याच्या चौकटीवर विणता येते. एका ओळीत एक अंक चुकला की मोराची मान तुटते, आणि ती चूक नेमकी कोठे झाली हे शोधणे म्हणजेच संगणकाच्या आज्ञावलीतला दोष शोधण्याचा पहिला सराव. विज्ञानवर्गांमध्ये महाग रोबोटिक्स संच मागवण्याचा सध्याचा कल पाहता, शेजारच्या कारखान्यात धडधडणारे हे साधन दुर्लक्षित राहणे आश्चर्याचे आहे.

आकाशनिरीक्षणात शून्य सावली दिवस सोलापूरला विशेष सोयीचा आहे. शहराचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर असल्याने १०–११ मेच्या सुमारास दुपारी साधारण १२ वाजून २२ मिनिटांनी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या आरंभी तो पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मेमधला दिवस उन्हाळी सुटीत पडत असल्याने शाळेपेक्षा शिबिरांना तो अधिक साधतो, अर्थात पारा चाळिशीच्या पुढे असताना टोपी आणि पाणी यांची व्यवस्था आधी करावी लागते. येथे एक भौगोलिक योगायोग उपयोगी पडतो : जयपूर जवळजवळ सोलापूरच्याच रेखांशावर आहे, त्यामुळे दोन्हीकडे स्थानिक मध्यान्ह जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या फरकाने होते. सोलापुरात सावली शून्य असताना जयपूरला एक मीटर उंच काठीची सावली सुमारे १६ सेंटिमीटर पडते, म्हणजे कोन सव्वानऊ अंशांच्या आसपास येतो. दोन शहरांमधले सुमारे १,०२५ किलोमीटरचे अंतर नकाशावरून मोजून त्रैराशिक मांडले, की पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटरच्या जवळपास मिळतो. प्राचीन ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसची ही पद्धत दोन शाळा एका फोनच्या साहाय्याने पुन्हा वापरू शकतात.

मुलांच्या विज्ञानप्रकल्पांसाठी शासकीय योजनाही आहेत. १९९३ पासूनची राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वयोगटातील मुलांकडून स्थानिक प्रश्नावरचा गटप्रकल्प मागते. इन्स्पायर मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी विद्यार्थ्याला १०,००० रुपये मिळतात. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून निवडक शाळांना टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून पाहण्याच्या प्रयोगशाळेसाठी, २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले जाते. यांपैकी बालविज्ञान परिषदेची रचना वरील पद्धतीला सर्वांत जवळची आहे, कारण तीत तयार वस्तूऐवजी नोंदवही पाहिली जाते. सहावी आणि नववीसाठीची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा प्रात्यक्षिक आणि प्रकल्पाला स्थान देते; मात्र तिची पहिली फेरी लेखी असल्याने तिच्याभोवती शिकवणी वर्गांची गर्दी झाली आहे.

उपक्रमांवरची रास्त टीका प्रामुख्याने प्रदर्शन-संस्कृतीवर आहे. तालुका विज्ञान प्रदर्शनात खायच्या सोड्याचा ज्वालामुखी आणि दुकानातून आणलेले पवनचक्कीचे नमुने वर्षानुवर्षे मांडले जातात; पुष्कळदा ते पालकांच्या हातचे असतात. वर्षातून एकदा येणारी विज्ञान व्हॅन मुलांना आनंद देते, पण ती गेल्यावर शाळेत काही उरले नाही, तर परिणामही टिकत नाही. चार-पाच मुलांमागे एक साहित्यसंच, आठवड्याला ठरलेला एक दीड-दोन तासांचा वर्ग आणि आपल्याला उत्तर माहीत नाही हे वर्गात मोकळेपणाने सांगणारा शिक्षक, या तीन गोष्टी इमारतीपेक्षा आणि उपकरणांपेक्षा अधिक महत्त्वाच्या ठरतात. त्यांतली तिसरी मिळवणे सर्वांत अवघड आहे, कारण शिक्षक-प्रशिक्षणात प्रयोग करून घेण्याऐवजी प्रयोगावर व्याख्यान देण्याचीच प्रथा पडली आहे.

सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू माध्यमाच्याही शाळा आहेत. त्यामुळे शहरपातळीवरच्या शिबिरात एका गटात दोन-तीन मातृभाषांची मुले एकत्र येतात. अशा गटात लांबलचक लेखी सूचना निरुपयोगी ठरतात; आकृत्या, नमुना म्हणून जोडून ठेवलेले एक उपकरण आणि नोंदींसाठी आकड्यांचा तक्ता यांवर काम चालते. निष्कर्ष मात्र प्रत्येकाने आपल्या भाषेत लिहावा आणि गटाला वाचून दाखवावा, अशी पद्धत ठेवल्यास शेजारच्या मुलाने तेच निरीक्षण कसे मांडले हेही गटासमोर येते, आणि दोघांच्या नोंदी जुळत नसतील तर मोजमाप पुन्हा घ्यावे लागते.