आडनावाचा माग : अमेरिकेतील गावदप्तरे आणि लष्करी नोंदी

एखादे घराणे अमेरिकेच्या वसाहतकाळापर्यंत मागे नेताना आडनावाचा धागा धरून जुनी गावदप्तरे आणि शिपायांचे हजेरीपट चाळण्याची वंशशोधनाची रीत. तिचा मुख्य मुलूख न्यू इंग्लंड, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट आणि आसपासची राज्ये. काळ साधारणपणे १६३० ते १८५०. अमेरिकेची पहिली शिरगणती १७९० सालची, आणि तीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव लिहायला १८५० उजाडावे लागले. त्याआधीच्या माणसांसाठी उरतात ती गावाची आणि पलटणीची बाडे. त्यातला जवळपास कुठलाही कागद कुलवृत्तांतासाठी लिहिलेला नाही. गावाला कर हवा होता, शिपायाला पगार, विधवेला पेन्शन. तो कागद कुणाच्या पैशासाठी झाला हे ओळखले, की त्यावर कुठे विश्वास ठेवायचा ते बरेचसे कळते.

या कामातली अडचण खुद्द अब्राहम लिंकन यांच्या घराण्यात उत्तम दिसते. मार्च १८४८ मध्ये, काँग्रेसचे सदस्य असताना, त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांना पत्र लिहिले. सांगण्यासारखे फार नव्हते. आजोबा व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम परगण्यातून १७८२च्या सुमारास केंटकीत गेले आणि दोन वर्षांनी तिथल्या मूलनिवासींच्या हल्ल्यात मारले गेले. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून आले आणि ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते, असे घरात पुसटसे ऐकिवात होते. आजोबांच्या मृत्यूचे साल आता १७८६ धरतात, म्हणजे दोनच पिढ्यांत घरची आठवण दोन वर्षांनी चुकली होती. १८५९ मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात लिंकन यांनी कबूल केले, की न्यू इंग्लंडच्या लिंकन घराण्याशी नाते जोडायच्या खटपटीतून एवढेच निघाले : एनॉक, लेवी, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम ही नावे दोन्हीकडे सापडतात.

न्यू इंग्लंडमधले ‘गाव’ म्हणजे घरे, शेते, चर्च आणि गावसभा मिळून एक कारभार. मॅसॅच्युसेट्सने जन्म, विवाह आणि मृत्यू नोंदवण्याचा हुकूम १६३९ सालीच काढला. तो सगळीकडे सारख्या निष्ठेने पाळला गेला नाही. अनेक वह्यांत एका जोडप्याची सात-आठ मुले एकाखाली एक, एकाच हाताने, एकाच शाईत उतरलेली दिसतात. याचा अर्थ बापाने कधीतरी कारकुनाकडे जाऊन सगळी एकदम सांगितली. त्यातली थोरली दोन दुसऱ्याच गावी जन्मलेली असू शकतात. मृत्यूच्या नोंदी त्याहून विरळ. १८५० पर्यंतच्या अशा नोंदी विसाव्या शतकात मॅसॅच्युसेट्समधल्या अनेक गावांसाठी अक्षरक्रमाने छापल्या गेल्या. छापील पुस्तक हाताळायला सोपे खरे, पण मूळ पानावर कोण कुणाच्या शेजारी लिहिले होते ते त्यात नाहीसे होते, आणि पुष्कळदा नेमके तेच हवे असते.

तारखांचाही घोळ आहे. इंग्रजी वसाहतींत १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधल्या तारखेपुढे १७३१/३२ असे जोडसाल आढळते. महिने आकड्यांनी लिहिले असतील तर ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च. हे ध्यानात न घेतल्यास लग्नाआधी मूल किंवा मरणानंतर मृत्युपत्र असले चमत्कार दिसू लागतात.

जन्ममृत्यूच्या वहीपेक्षाही बोलके कागद गावात असतात : जमिनीच्या वाटपाची बाडे, करयाद्या, रस्ता दुरुस्तीचे हिशेब. ‘गाव सोडा’ अशा नोटिसा हा त्यातला मोठा ठेवा. बाहेरून आलेले कुटुंब पुढे कंगाल झाले तर त्याला पोसण्याची जबाबदारी अंगावर पडू नये, म्हणून गाव कॉन्स्टेबलाकरवी त्याला तशी ताकीद देई. पुष्कळ कुटुंबे ताकीद ऐकून तिथेच राहत. पण कागदावर नवरा, बायको, मुले आणि ‘अमक्या गावाहून आलेले’ हे शब्द कायमचे राहत. गरिबांची नावे चर्चच्या वहीत नसली तरी इथे मिळतात. गावाच्या कंजुषीचे आजच्या वंशशोधकांवर केवढे उपकार आहेत!

आता हिंगम. सतराव्या शतकात या एका गावात थॉमस लिंकन नावाचे चार जण होते. गावाने त्यांना धंद्यावरून वेगळे ठेवले : थॉमस पिंपवाला, थॉमस विणकर, थॉमस गिरणीवाला, थॉमस शेतकरी. विणकराचा भाऊ सॅम्युएल हाही विणकरच; अब्राहम लिंकन यांचा वंश याचा. तो १६३७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरफकमधून एका विणकराचा नोकर म्हणून जहाजात बसला. स्वातंत्र्ययुद्धात नाव मिळवलेले जनरल बेंजामिन लिंकन, ज्यांनी १७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण आलेल्या ब्रिटिश फौजेची तलवार स्वीकारली, ते याच गावचे. तरुणपणी ते गावाचे कारकूनही होते, म्हणजे ज्या वह्या आज चाळायच्या त्यांतल्या काही त्यांच्याच हाताखालून गेल्या. त्यांचा वंश मात्र पिंपवाल्या थॉमसचा. आडनाव एक, गाव एक, म्हणून घराणेही एक असे धरणाऱ्याचा पाय इथेच घसरतो.

‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ या शब्दांनीही तसाच दगा दिला आहे. त्या काळी त्यांचा अर्थ गावातला त्याच नावाचा मोठा आणि धाकटा एवढाच असे. ते बापलेक असलेच पाहिजेत असे नाही. मोठा वारला किंवा गाव सोडून गेला, की कालचा ज्युनियर आजचा सीनियर होई.

लष्करी नोंदी गावापासून तुटलेल्या नसतात. सोळा ते साठ वयाच्या बहुतेक पुरुषांना मिलिशियाची, म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेची, हजेरी सक्तीची असे आणि कंपनी बहुधा गावाचीच. १९ एप्रिल १७७५ रोजी, स्वातंत्र्ययुद्धाला तोंड फुटले तेव्हा, लेक्सिंग्टनच्या हाकेला धावलेल्यांच्या याद्या पाहाव्यात. नावासमोर नोकरीचे दिवस आणि चाललेले मैल लिहिलेले, कारण भत्ता मैलांवर मिळायचा. मैलांवरून गाव पडताळता येते, आणि नावांच्या क्रमातून शेजारी, भाऊ, मेहुणे असा सगळा गोतावळा समोर येतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या शिपाई-खलाशांच्या नोंदी १८९६ ते १९०८ या काळात १७ खंडांत छापल्या. त्यांत एकेका आडनावाची अनेक रूपे दिली आहेत. वेगवेगळ्या नोंदींतला शिपाई एकच की दोन, हे मात्र वाचणाऱ्यानेच ठरवायचे. केंद्राकडच्या कागदांचा मोठा भाग ८ नोव्हेंबर १८००च्या युद्धखात्यातील आगीत गेला, त्यामुळे राज्यांकडच्या प्रतींना फार मोल आहे.

घराण्याच्या दृष्टीने सर्वांत भरघोस कागद पेन्शनचे. १८१८च्या कायद्याने गरजू शिपायाला महिना ८ डॉलर मिळू लागले. १८२० पासून गरजू असल्याचा पुरावा म्हणून घरातल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्यावी लागली. एक गाय, दोन डुकरे, एक जुनी किटली, फुटक्या खुर्च्या, आणि शेवटी आजारी बायको आणि घरात असलेल्या मुलांची वये, अशा थाटाच्या त्या याद्या असतात. १८३२च्या कायद्याने किमान सहा महिने नोकरी केलेल्या मिलिशियावाल्यांनाही दार उघडले. जन्म कुठे, वयाचा दाखला कुठे आहे, भरती होताना कुठे राहत होता, असे ठरावीक प्रश्न तेव्हा म्हाताऱ्यांना विचारले गेले. १८३६ पासून विधवांचे अर्ज वाढले. लग्नाचा पुरावा म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलमधले नोंदीचे पान फाडून पाठवले; त्यांतली पुष्कळ पाने राष्ट्रीय अभिलेखागारातल्या फायलींत अजून आहेत. फायलीवरचे अक्षर ‘एस’ असेल तर ती हयात शिपायाची, ‘डब्ल्यू’ विधवेची, ‘आर’ नामंजूर अर्जाची. नामंजूर फाईल सोडून देणे शहाणपणाचे नाही, कारण ज्याचा दावा लंगडा त्याने साक्षीदार जास्त आणले.

आडनाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू येई तसे लिहिले जाई. आजोबा अब्राहम व्हर्जिनियाच्या मिलिशियात कॅप्टन होते, तरी १७८० मध्ये केंटकीतल्या ४०० एकरांसाठी मिळालेल्या हक्कदाखल्यावर त्यांचे नाव ‘लिंकहॉर्न’ आहे. अशी रूपे एकत्र आणण्यासाठी साउंडेक्स ही संकेतपद्धत वापरतात. रॉबर्ट रसेल यांनी तिचे पेटंट १९१८ मध्ये घेतले. पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा, आणि तीन अंक झाले की थांबायचे. होबार्ट आणि हबर्ड दोन्हींचा संकेत एच१६३ येतो, म्हणजे एक शोधले की दुसरे आपसूक हाती लागते. लिंकनच्या बाबतीत पद्धत फसते : इंग्रजी स्पेलिंगमधल्या मुक्या ‘एल’मुळे संकेत एल५२४ होतो आणि लिंकहॉर्नचा एल५२६. संगणकात एकच आडनाव टाकून ‘काही नाही’ म्हणणाऱ्याने निम्मेदेखील काम केलेले नसते.

काही आडनावांच्या मागे तर घराणेच नसते. मॅसॅच्युसेट्सच्या चौथ्या रेजिमेंटच्या यादीत १७८२ साली भरती झालेला रॉबर्ट शर्टलिफ हा प्रत्यक्षात डेबोरा सॅम्पसन ही पुरुषवेशातली बाई होती. कनेक्टिकटच्या हजेरीपटांवर लिबर्टी, फ्रीडम, फ्रीमन अशी आडनावे लावलेले कृष्णवर्णीय शिपाई आहेत; गुलामीत ज्यांना फक्त पहिले नाव होते, त्यांच्यासाठी शोध हजेरीपटाच्या मागे आडनावावर चालत नाही. तिथे मालकाची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या उघडाव्या लागतात.

लिंकन घराण्याची साखळीही शेवटी जमिनीने जुळवली. सॅम्युएल विणकराचा मुलगा मॉर्डेकाय लोहार झाला. त्याचा त्याच नावाचा मुलगा न्यू जर्सीत आणि तिथून पेनसिल्व्हेनियात गेला व १७३६ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात मुलगा जॉन याला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन ठेवली. हाच जॉन पुढे व्हर्जिनियात गेला. केंटकीत मारले गेलेले कॅप्टन अब्राहम हे त्याचे चिरंजीव. ही कडी संशोधकांनी पक्की केली ती राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या हत्येनंतर बऱ्याच वर्षांनी.